छपराखाली न जाणारी हूरबाई

भुजच्या सराफ बाजारात माझं बांधणीचं दुकान आहे. आत गिऱ्हाईक बसलंय आणि दुकानापुढे रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात उभी राहून एक बाई त्या गिऱ्हाइकाशी ओरडून बोलते आहे, असं दिसलं की ती हूरबाई समजायची.

"बेन, ते हिरवं बघा, हिरवं! अरे इशाक, वरचं गाठोडं काढ ना. झाकून काय ठेवतोस, बहिणीच्या लग्नाला राखून ठेवलंयस का?"

मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे. हूरबाई एक पाऊल बाजूला सरकायची, पण दुकानात यायची नाही. सुरुवातीला मी म्हणायचो, "मासी, आत या, पंख्याखाली बसा."

"पंख्याच्या वर काय आहे?"

"छत."

"मग तूच बस."

भूकंपाआधी ती अशी नव्हती. आमच्याच जमातीतली, खत्री. पोरवयापासून बांधणीच्या गाठी बांधत आलेली. करंगळीचं नख वाढवलेलं, त्या नखाच्या टोकाने रेशमाची चिमूट उचलायची, दोऱ्याचे वेढे द्यायचे, आणि तोंड सारखं चालू. नवरा उस्मान लवकर गेला. जुन्या गावात, खत्री फळियात, म्हणजे आमच्या जमातीच्या गल्लीत, त्यांचं दुमजली घर होतं. घरात ती, मुलगा अयूब आणि उस्मानची बिनलग्नाची बहीण जिलुबाई. दोघी नणंद-भावजया एकाच कापडाची दोन टोकं धरून बसायच्या आणि दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढायच्या. तिची डाळ खारट, हिची गाठ सैल. गल्लीतून जाणारा माणूस त्यांचं भांडण ऐकायला पाऊल हळू टाकायचा.

सव्वीस जानेवारीच्या त्या सकाळी अयूब झेंडावंदनाला गेला होता, म्हणून वाचला. घर पडलं तेव्हा आत दोघी होत्या. संध्याकाळी एक बाहेर निघाली. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आत काय झालं ते हूरबाईने कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायला कुणी धजावलं नाही. त्या दिवसांत भुजमध्ये प्रत्येक घरात असं न विचारण्यासारखं काहीतरी होतं.

पुढे गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत अयूबला घर मिळालं. पक्कं, चारी कोपऱ्यांत लोखंडी सळ्या घातलेलं. इंजिनिअरने स्वतः येऊन तिची समजूत काढली की हे घर पडणार नाही. ती म्हणाली, "बेटा, ते आधीचंही पडणारं नव्हतं." आणि तिने अंगणात कडुलिंबाखाली खाट टाकली. थंडीत गोधडीवर गोधडी, पावसात मदतीत आलेल्या तंबूचं कापड चार काठ्यांवर. सून नूरबानू रोटला आणि ताक बाहेर आणून द्यायची. नमाज बाहेर, गाठी बांधणं बाहेर, आजारपण बाहेर. अयूब रडला, भांडला, एकदा तिला उचलून आत न्यायला गेला. तिने उंबऱ्यातच अशी किंकाळी फोडली की शेजारचे धावून आले. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

हळूहळू बाहेरगावचे लोक पुन्हा यायला लागले. कुणाला अजरखचं छापील कापड हवं, कुणाला भरतकाम, कुणाला बांधणी. हूरबाई त्यातल्या बायकांना गाव हिंडवायची, खत्र्यांच्या घरी आणि दुकानांत न्यायची. चालायची ती रस्त्याच्या मधून, नजर वर, सज्ज्यांकडे. एखाद्या माडीची वीट पुढे आलेली दिसली की परकी बाई काही विचारत असली तरी तिचा दंड धरून पलीकडे ओढायची. दाबेलीवाला बच्चूभाई तिला डिवचायचा, "हूरमासी, आभाळच पडलं तर कुठे पळशील?"

"पडू दे. आभाळात विटा नाहीत."

लोक हसायचे, तीही हसायची. पण एखाद्या ट्रकने रस्ता थरारला की तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा. तो मी दुकानातून रोज पाहायचो.

कुमुदिनी पटनायक आल्या त्या एका हिवाळ्यात. ओडिशातल्या, कटकच्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, साठीच्या, अंगाने भारी, गुडघ्याला पट्टा. अंगावर त्यांच्याकडची संबळपुरी साडी. एकट्या हिंडत होत्या. तासभर माझ्या दुकानात बसल्या. मी गाठोड्यामागून गाठोडं सोडलं. प्रत्येकाला एकच उत्तर, "हे नाही."

बाहेरून हूरबाई ओरडली, "इशाक, ह्या जीभ हॉटेलात ठेवून आल्यात! सकाळपासून हमीरसर तलाव दाखवला, दरबारगढ दाखवला, भाजीबाजार दाखवला. सगळ्याला 'हं'. माझ्या म्हशीने तरी दोनदा हंबरून दाखवलं असतं!"

हूरबाई पाहुण्यांपुढे हिंदीतच बोलायची, त्यामुळे कुमुदिनीबाईंना सगळं कळलं. रागावल्या नाहीत. पर्समधून मासिकातला कापलेला फोटो काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "असं. जुनं."

फोटो चंद्रोखणीचा होता. आमच्या नवरीची ओढणी ती. लाल आणि काळी, मधोमध मोठा चंद्र, सगळा बारीक ठिपक्यांचा. जुन्या चंद्रोखण्या कितीतरी व्यापाऱ्यांनी आधीच उचलून नेल्या होत्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच ढिगाऱ्यांत गेल्या. मी म्हणालो, "मला ठाऊक आहे अशी एकच आहे आता. हाजियाणी मांच्या पेटीत. पण त्या देतील की नाही, अल्ला जाणे."

रस्त्यात उभ्या हूरबाईने ते ऐकलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. हाजियाणी मांचं घर खत्री फळियात होतं. तिच्या स्वतःच्या पडलेल्या घराच्या चार घरं पुढे. ढिगाऱ्यातून बाहेर काढल्यापासून तिने त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

"चला," कुमुदिनीबाई उठल्या.

मी म्हणालो, "मासी, मी येतो हवं तर."

"तू दुकान सांभाळ," हूरबाई म्हणाली. "मी खालीच उभी राहणार आहे. खाली उभं राहायला काय जातंय?"

पुढचं मला दोघींनी सांगितलं, वेगवेगळं. जिथे जुळत नव्हतं तिथे मी हूरबाईचं धरलं आहे.

गल्लीच्या तोंडाशी हूरबाई थांबली. दोन्ही बाजूंची घरं बहुतेक गेली होती. मोकळ्या जागांत गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजली होती, मधूनच एखादी भिंत उभी, तिच्यावर अजून निळा रंग आणि खुंटीला कुणाचं तरी कॅलेंडर. माणूस नाही. दुपारची वेळ, सगळा भुज जेवून पडलेला. हूरबाई बोलायला लागली ती थांबेना. इथे अमीनाबाई राहायची, तिचा बोकड दारू प्यायचा. इथे रंगाची भट्टी होती. इथे नळावर भांडणं व्हायची. एका ठिकाणी मात्र तिने मान दुसरीकडे वळवली आणि पाय उचलला. ते तिचं घर होतं, हे कुमुदिनीबाईंना फार उशिरा कळलं.

हाजियाणी मांचं घर उभं होतं. म्हणजे तीन लाकडी टेकूंवर तोललेलं होतं. पुढची भिंत वरपासून खालपर्यंत चिरलेली, चिरेत हात जाईल एवढी. हाजियाणी मा ऐंशीच्या, कानांनी अधू, एकट्या तिथे राहायच्या. पुतण्या सुलेमान दोन गल्ल्या सोडून होता, पण त्याच्याकडे जाऊन राहायला त्या तयार नव्हत्या.

हूरबाई रस्त्यातून ओरडली, "मा! पाहुणी आणलीय! चंद्रोखणी बघायची आहे!"

वरून आवाज आला, "कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही! चंद्रोखणी!"

"चंद्रकांत? तो तर राजकोटला गेला!"

शेवटी कुमुदिनीबाईच गुडघा धरत जिना चढून गेल्या. थोड्या वेळाने हाजियाणी मांचं डोकं खिडकीत आलं. "हूर, ही बाई बोलत नाही, नुसती बघते. चोर आहे की सरकारी?"

"गिऱ्हाईक आहे, मा! पेटी उघड!"

"आपलं माणूस समोर असल्याशिवाय मी पेटी उघडत नाही. वर ये."

"मला नाही जमत."

"काय?"

"जमत नाही मला!"

"काय म्हणतेस?"

"भीती वाटते!" हूरबाई त्या रिकाम्या गल्लीत जीव तोडून ओरडली. "भीती वाटते मला, मा!"

हाजियाणी मांनी हात हलवला. "हां हां, मग ये ना लवकर."

हूरबाई मला म्हणाली, स्वतःचं ओरडणं भिंतींवर आपटून परत आलं तेव्हा तिला त्या गल्लीत एकटं उभं राहणं जास्त भयंकर वाटलं. वर निदान दोन माणसं होती. म्हणून ती चढली. चढली म्हणजे रांगली. भिंतीला हात लावायचा नाही, भिंत सरकेल. दोन्ही तळवे पायरीवर, मग गुडघा, मग दुसरा. जिन्यात अंधार, चुन्याचा वास. त्या दिवशी तोंडात, नाकात, डोळ्यांत हाच चुना होता. वर पोहोचली आणि दाराच्या चौकटीतच बसली, एक पाय जिन्यात ठेवून.

हाजियाणी मांनी पेटी उघडली. ओढणी उलगडली. कुमुदिनीबाईंनी दोन्ही हात आधी साडीला पुसले आणि मग कापडाला लावले. एवढ्यात खालून कुणी बाई हाका मारायला लागली. हाजियाणी मांना ऐकू जाईना, हूरबाईने कानाशी ओरडून सांगितलं, सुलेमानला चक्कर आलीय, पडलाय, बोलावतायत. म्हातारी काठी घेऊन उठली. "हाय अल्ला, ह्या पोराला किती वेळा सांगितलं, उपाशी राहू नको. तुम्ही बसा, आलेच." काठीचा आवाज पायऱ्या उतरत गेला. मग दार ओढल्याचा आवाज. मग कडी.

पडक्या घरांची दारं-खिडक्या लोक चोरून न्यायचे, म्हणून बाहेर पडताना कडी घालून कुलूप लावायची म्हातारीच्या हाताला सवय झालेली. डोक्यात सुलेमान होता. हातांनी आपलं काम केलं.

हूरबाईला ती कडी ऐकू आली, पण क्षणभर अर्थ लागला नाही. अर्थ लागला तेव्हा ती जिना बसत-घसरत खाली गेली, दाराला धडका मारल्या, ओरडली. खालची खोली मिट्ट काळोखी होती. तिथे तिला थांबवेना. वर उजेड होता म्हणून पुन्हा वर आली. कुमुदिनीबाई खिडकीतून हाका मारत होत्या. खाली एक कुत्रं उठलं, त्याने वर पाहिलं आणि पुन्हा आडवं झालं. मोबाइल तेव्हा दोघींकडेही नव्हता.

"येतील त्या," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पुतण्याला बघून येतील." आणि ओढणी मांडीवर घेऊन शांत बसल्या.

तेव्हा फळीवरच्या पितळेच्या भांड्यांत एक पेला दुसऱ्याला लागून किणकिणला.

आम्ही भुजवाले तो आवाज झोपेतही ओळखतो. आधी भांडी बोलतात, मग जमीन. हूरबाई उठून उभी राहिली तोवर सगळी फळी खडखडायला लागली होती. पायाखालून काहीतरी जनावर सरपटत गेल्यासारखं झालं. वरच्या वाशांतून माती गळली. एक हंडा खाली पडून खोलीभर गडगडत गेला. आणि थांबलं. मी दुकानात होतो. मला तो धक्का इतका हलका वाटला की मी फक्त हातातला चहा खाली ठेवला. असे धक्के वर्षातून कैक यायचे.

वर त्या खोलीत हूरबाई खिडकीतून अर्धी बाहेर गेली होती. खाली सज्जा नव्हता, सज्ज्याचे दगड होते, ढीग करून ठेवलेले. तिचा एक पाय बाहेर लोंबत होता. कुमुदिनीबाई गुडघा विसरून धावल्या, तिच्या कमरेला मिठी मारली आणि सगळं वजन मागे टाकलं. दोघी जमिनीवर आदळल्या. हूरबाईने त्यांना बोचकारलं, हाताला चावली. ती खूण मी स्वतः पाहिली आहे. कुमुदिनीबाईंनी सोडलं नाही. शेवटी तिच्या अंगावरच्या ओढणीच्या पदरावर बसल्या आणि तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली.

"सोड मला! पडणार आहे हे! सोड!"

"नाही पडत."

"तुला काय माहीत? तू काय पाहिलंयस?"

कुमुदिनीबाई गप्प राहिल्या. त्या मुळातच गप्प. पण ती शांतता पडताच हूरबाई चळचळा कापायला लागली, दात वाजायला लागले. "बोल," ती म्हणाली. "बोल काहीतरी. गप्प बसू नको. पाया पडते तुझ्या, गप्प बसू नको."

"काय बोलू?"

"काहीही बोल!"

कुमुदिनीबाईंना काही सुचेना. जन्मभर एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून परक्या माणसांशी बोलल्या होत्या, निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं की आता पुरे. घाबरल्या तर त्याही होत्याच, मातीने केस पांढरे झाले होते. तोंडातून निघालं ते तेवढंच, वर्षानुवर्षांचं पाठ झालेलं.

"हॅलो. कटक एक्स्चेंज. लाइन चालू आहे. होल्ड करा. लाइन चालू आहे."

हूरबाई म्हणाली, "हां. असंच."

मग त्या बोलत सुटल्या. ट्रंक कॉलची गिऱ्हाइकं कशी शिव्या द्यायची. एक सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत कसा घोरायचा. सून, तिच्या आळशीपणाचे सगळे दाखले, एकही न गाळता. माशाचं कालवण मोहरीत कसं करायचं. चक्रीवादळात त्यांच्या भावाच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा त्या पलंगाखाली होत्या, छपराशिवायचं आभाळ पाहून ओरडत होत्या. "तेव्हापासून मला उघड्यावर झोप येत नाही. डोक्यावर सिमेंट लागतं."

हूरबाईने मान वर केली. "सिमेंट लागतं?"

"हो."

"वेडी आहेस का तू?"

"असेन."

हूरबाई हसली की रडली, ते कुमुदिनीबाईंना नीट सांगता आलं नाही. पण त्यानंतर तिने सांगितलं. अंधारात, तोंडात चुना, पायावर तुळई. दिसत काही नव्हतं. मध्ये भिंत आडवी पडलेली आणि भिंतीपलीकडे जिलुबाईचा आवाज. "ती म्हणत होती, दूध गॅसवर आहे, उतू गेलं असेल, तुला किती वेळा सांगितलं झाकण ठेवू नको. मी म्हटलं, मरायला टेकलीस तरी तुझं दूधच. आम्ही भांडलो ग तिथेही. मग ती बोलायची थांबली. मला वाटलं रुसली. जिलु रुसायचीच. मी म्हणत राहिले, बरं बाई, चुकलं माझं, बोल आता. दिवसभर म्हणत राहिले. वरून लोकांनी हाका मारल्या तेव्हाही मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, ती रुसलीय."

कुमुदिनीबाईंनी तिची मनगटं सोडली आणि नुसता हात धरला. पुन्हा एक पेला किणकिणला. खरा की भास, कुणास ठाऊक. हूरबाईचं अंग ताठ झालं.

"ही ओढणी केवढ्याला?" कुमुदिनीबाई खाली पडलेली चंद्रोखणी मांडीवर ओढत घाईघाईने म्हणाल्या. बोलायचं सगळं संपलं होतं.

"माझी कुठे आहे?"

"असू दे. केवढ्याला?"

"वीस हजार," हूरबाई डोळे मिटून म्हणाली.

"पाच."

"पाचात नुसता काठ येईल. चंद्र येणार नाही."

"चंद्र तुम्हीच ठेवा कापून."

"तौबा! अशी गिऱ्हाइकं आली तर आम्ही भीक मागू. अठरा."

"सहा. आणि इथे डाग आहे."

"डाग नाही तो, नवरीचे अश्रू आहेत. त्याचे वेगळे पैसे."

उजेड उतरत गेला, खोली काळवंडायला लागली, आणि दोघी घासाघीस करत राहिल्या. एकमेकींचा हात इतका घट्ट धरलेला की बोटं बधिर. मध्येच हूरबाईला भीतीची उबळ यायची आणि आकडा चुकायचा.

"सात," ती म्हणाली.

"अहो, मी मघाशीच नऊ म्हटलंय! तुम्ही सात कसं म्हणता? विकणारं कोण आहे इथे?"

"मग अकरा."

"दहा."

"कोण विकतंय माझी ओढणी?" दारातून हाजियाणी मा गरजल्या. संध्याकाळची मगरिबची अजान होत आली होती. त्यांनी कडी काढून जिना चढल्याचं दोघींना कळलंच नव्हतं. "आणि तुम्ही अजून इथेच? चहा-बिहा घेतलात की नाही?"

हूरबाईने ओरडून सांगितलं, बाहेरून कुलूप होतं. म्हातारीने कपाळावर हात मारला. सुलेमान बरा होता, साखर उतरली होती म्हणे. मग त्यांनी कुमुदिनीबाईंच्या मांडीवरून ओढणी काढून घेतली, झटकून माती उडवली आणि घडी घातली. "ही द्यायची नाही. माझ्या जनाज्यावर घालायची आहे. कुणी सांगितलं तुम्हाला द्यायची म्हणून?"

खाली जायचं होतं. दुपारभर ज्या दारासाठी हूरबाईचा जीव तळमळत होता, ते उघडं असून जिन्यावर तिचा पाय उचलेना. कुमुदिनीबाई पुढे झाल्या, एका पायरीवर बसल्या, तिला मागच्या पायरीवर बसवलं. अशा दोघी बसत बसत उतरल्या, आणि प्रत्येक पायरीला कुमुदिनीबाई सुनेबद्दल एक नवीन तक्रार सांगत होत्या.

हूरबाईला ताप भरला. खाटेवर पडल्या पडल्या कापायची. कुमुदिनीबाईंचं मांडवीला जायचं रिझर्व्हेशन होतं, ते गेलं. त्या रोज सकाळी रिक्षाने वसाहतीत यायच्या, खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायच्या, संध्याकाळी छपराखाली झोपायला हॉटेलात जायच्या. नूरबानू मला म्हणाली, "चाचा, त्या दोघी दिवसभर काय बोलतात माहीत आहे? भाव करतात. कसले भाव, काही कळत नाही. काल कडुलिंबाचा भाव चालला होता." ताप उतरल्यावर त्या कटकला गेल्या. जाताना माझ्या दुकानातून एक साधी लाल बांधणी घेतली, किंमत न विचारता. हूरबाईने रस्त्यातून मला शिव्या घातल्या की मी जास्त लावले.

हूरबाईची भीती गेली, असं मी सांगू शकत नाही. खाट अंगणातच राहिली. फरक एवढाच झाला की पाऊस फार झाला तर ती ओसरीत, दारापाशी येऊन बसायची, आणि नूरबानूने बोलत राहायचं. "बोलून बोलून घसा बसतो माझा," नूरबानू म्हणायची. "पाऊस थांबेपर्यंत माझ्या माहेरच्या सगळ्यांची लफडी संपतात."

त्यानंतर दोन वर्षांनी आणखी एक धक्का आला. हा चांगला जोराचा. हूरबाईने गाठी बांधून ठेवलेलं कापड न्यायला मी वसाहतीत गेलो होतो. सगळी माणसं घराबाहेर पळाली, बायका पोरांना छातीशी धरून रस्त्यात उभ्या. हूरबाई खाटेवर उभी राहिली आणि नावं घेऊन हाका मारायला लागली. एकेका घराची. "नूरबानू!" "हां, मा." "सलमा! तुझी सासू?" "इथेच आहे." मला पाहिलं. "इशाक!" मी मान हलवली. "मान काय हलवतोस? तोंडाने बोल!"

"आहे, मासी."

मग तिने रहिमाबाईला हाक मारली. पलीकडच्या घरातली विधवा, एकटी राहणारी. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. उत्तर नाही. हूरबाई खाटेवरून उतरली आणि धावत रहिमाबाईच्या घरात शिरली. थेट आत. आम्ही सगळे बघत राहिलो. अयूब भानावर येऊन धावला, तोवर आतून आरडाओरडा ऐकू आला आणि हूरबाई रहिमाबाईला ओढत बाहेर घेऊन आली. अंगाला चादर गुंडाळलेली, डोक्याला साबणाचा फेस. धक्का आला तेव्हा रहिमाबाई न्हात होती. कपडे खोलीत राहिले होते, लाजेपायी बाहेर येववेना आणि हाकेला ओसुद्धा देववेना.

रस्त्यात आल्यावर हूरबाईने मागे वळून त्या घराकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं. ती तिथेच मातीत बसली, भडाभडा ओकली. नूरबानूने दिलेलं पाणी तिने अंगावरच सांडलं. रहिमाबाई चादर सावरत तिच्या अंगावर ओरडत होती, "बेशरम! अख्ख्या वसाहतीसमोर मला असं आणलंस! मेले असते तर बरं झालं असतं!"

"बोल," हूरबाई तिचा ओला हात धरून म्हणत होती. "अजून बोल. थांबू नको."